रोहेल्योच्या सभेचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. सान रोके गावातल्या मांग कार्योच्या तीनचाकीच्या टपावर माझं आयुष्य गेलं. मांग म्हणजे आमच्या बोलीत काका. जन्म मनिलातल्या एका गल्लीतला, पत्र्याचा. कारागिराने ठोकून ठोकून माझं तोंड एवढं मोठं केलं, पण जीभ काही दिली नाही. त्यामुळे आजवर जे बोललो ते सगळं दुसऱ्यांचं. थकलो बाबा आता.

सुरुवातीचे दिवस बरे होते. पहाटे होड्या लागल्या की ताज्या मासळीची वर्दी मी द्यायचो. संत रोकेच्या जत्रेत मिरवणुकीच्या पुढे मीच असायचो. बायका म्हणायच्या, "कार्यो, तुझ्या भोंग्याचा आवाज किती खणखणीत!" ती स्तुती मी अजून विसरलो नाही. मग निवडणुकांची कामं मिळू लागली. सकाळी मी एका उमेदवाराला देवमाणूस म्हणायचो आणि दुपारी त्याच्या विरोधकाला. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. त्यात एकदा डोक्यावर नारळ पडून माझी कड चेपली. ती कुणी सरळ केली नाही. तेव्हापासून कुणीही बोललं तरी माझ्यातून आवाज नाकातून आल्यासारखा येतो.

अशा दिवसांत रोहेल्यो माग्तिबाय आमच्याकडे आला. तो गावचाच. सिनेमात त्याने मोठं नाव काढलं, पण भूमिका आयुष्यभर एकच केली: ब्यूटी पार्लरमधला, लचकत चालणारा, झुरळ दिसलं तरी चक्कर येणारा बाईल्या. "अगंबाई, माझा पंखा!" एवढं तो म्हणाला की थेटर लोळायचं. शूटिंग नसलं की तो गावीच असायचा; पन्नाशीला कायमचा परतला आणि प्रांताच्या मंडळासाठी उभा राहिला. मागणी साधी होती. जन्मभर एका घरात नांदलेले दोन पुरुष किंवा दोन बायका एकमेकांच्या घरच्या माणसांत धराव्यात, दवाखान्यात आणि मयतीतही.

मांग कार्योने त्याला समजावलं. "पोरा, रस्त्याचं बोल, तांदळाच्या भावाचं बोल. हे कशाला काढतोस? लोक हसतील."

"हसतातच की, मांग कार्यो. त्यावरच तर आजवर जेवलो."

आम्ही वाडी-वाडी फिरलो. रोहेल्यो माईक हातात घेऊन गंभीरपणे बोलायला लागला, की खालून ओरडा व्हायचा, "पंखा! पंखा!" लोकांचं मन राखायला तो एकदा ते वाक्य म्हणून दाखवायचा. लोक पोट धरधरून हसायचे आणि पांगायचे. मग तो माझ्याशेजारी टपाला टेकून गार झालेली कॉफी प्यायचा. एकदा म्हणाला, "मत नाही दिलं तरी चालेल. पण यांनी मला एकदा नीट ऐकून घ्यावं." त्याच्या चेहऱ्यावर इतका शीण होता की मला माझ्या चेपल्या कडेची लाज वाटली.

शेवटची सभा आमच्याच गावात, बास्केटबॉलच्या मैदानावर झाली. पहिल्या रांगेत आलिंग सेपा, म्हणजे सेपामावशी, बसली होती. ती मांदोयची आई. मांदोय गाड्या दुरुस्त करायचा आणि धक्क्याजवळच्या घरात वर्षानुवर्षं रोहेल्योबरोबर राहायचा. 'रोहेल्योचा मित्र' असं म्हणून गाव खोकायचं. सभेच्या दोन वर्षं आधी मांदोय वारला.

रोहेल्यो त्याचंच सांगू लागला. "मांदोयला दवाखान्यात नेलं. दारावरच्या माणसाने विचारलं, तुम्ही पेशंटचे कोण?"

"बायको!" मागून कुणीतरी ओरडलं आणि अख्खं मैदान हसलं.

"मी बाहेर बाकावर बसून राहिलो. आत तो एकटाच गेला."

लोक तरीही हसत होते, कारण आवाज तोच सिनेमातला होता, आणि माझ्या नाकातून आणखीच किनरा येत होता. एक जण डोळे पुसत शेजाऱ्याला म्हणाला, "काय नट आहे बघ!"

मित्रांनो, मला जो उपदेश करायचा तो इथेच करून टाकतो, कारण पुढचं सांगितल्यावर माझ्याने बोलवणार नाही. रोहेल्यो निवडून आला. त्याचा नियम अजून मंडळाच्या टेबलावर धूळ खातोय आणि मी मांग कार्योच्या पडवीत. मला कुणी तेलपाणी केलं नाही तरी चालेल. पण ज्याने तुम्हाला खूप हसवलं, तो कधी दुखतंय म्हणाला, तर त्याचं दुखणं खरं धरा.

त्या दिवशी रोहेल्यो हसू ओसरेपर्यंत थांबला. मग म्हणाला, "मयतीच्या जागरणाला तुम्ही सगळे आला होता. बिस्किटं खाल्लीत, रात्र काढायला पत्ते खेळलात. निघताना तुम्हाला फाटकापर्यंत सोडायला कोण आलं होतं?"

आमच्याकडे मयतीच्या घरातून घरच्यांनी पाहुण्यांना सोडायला जायचं नसतं. मरण त्यांच्या मागोमाग जातं म्हणतात. ते काम शेजारी करतात, परके करतात.

"मी आलो होतो," रोहेल्यो म्हणाला. "एकेकाला सोडायला. मला सांगितलं होतं, तू जा, तू काही घरचा नाहीस."

कुणी हसलं नाही. फाटक कुणी उघडून धरलं होतं ते प्रत्येकाला आठवलं. आलिंग सेपाने मान खाली घातली. ते सांगणारी तीच होती.

"माझं बोलून झालं," म्हणत रोहेल्योने माईक टेबलावर ठेवला आणि तो मैदानाच्या फाटकाकडे निघाला. सभा संपली की उमेदवाराने तिथे उभं राहून सगळ्यांचे हात हातात घ्यायचे असतात. आलिंग सेपा काठी टेकत पुढे आली आणि तिने त्याचं मनगट धरलं.

"कुठे निघालास?"

"लोकांना सोडायला, नानाय," त्याने आईला म्हणावं तसं म्हटलं.

"बस खाली." तिला धाप लागली होती. "कार्यो, लोकांना तू सोड. आम्ही दोघं घरची माणसं आहोत."

माईक बंद करायचा राहून गेला होता, म्हणून तिचं बोलणं माझ्या तोंडून गावभर ऐकू गेलं. तिने प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि ती त्याच्याशेजारी बसली. मांग कार्यो फाटकाशी जाऊन उभा राहिला. लोक उठले, आणि 'येतो' असं कुणीही न म्हणता त्या दोघांच्या समोरून निघून गेले.