आधीच खाली

"दोन मिनिटं चाळीस सेकंद!" मुख्याध्यापकांनी घड्याळाचं बटण दाबलं. "साडेतीनशे पोरं पटांगणात! तपासनीस तोंडात बोटं घालतील."

साडेतीनशेतली एक पोर मात्र कधीचीच झाडाखालच्या बाकावर येऊन बसली होती. सहावीतली कुबडीवाली. आगीची रंगीत तालीम असली की शिपाईमावशी तिला अर्धा तास आधीच पाठुंगळी घेऊन खाली आणायच्या, कारण जिन्यात ती असली की सगळ्यांचा वेळ चार मिनिटांवर जायचा. वर्गशिक्षिका तिच्या नावापुढे 'आधीच खाली' लिहून मोकळ्या व्हायच्या.

मावशींना हे खटकायचं. एकदा त्यांनी तोंड उघडलंही होतं.

"साहेब, खरी आग काय आधी सांगून येणारे?"

"मावशी, तुम्ही घंटा बघा. नियोजन आम्ही बघतो."

मावशी घंटेकडे वळल्या. नवऱ्याच्या जागेवर लागलेली नोकरी; तिथे शहाणपण परवडत नाही.

मग एका मंगळवारी प्रयोगशाळेतल्या वायरींनी पेट घेतला. मावशींनी घंटा बडवली, धावत जाऊन फाटक उघडलं, बंबाला वाट मोकळी केली. इतक्या वेळा घोटलेली कामं, हात आपोआप चालत होते. पोरीला आणायचं काम घंटेच्या आधीचं. घंटेनंतरच्या कामांत ती कधी नव्हतीच. वर्ग शिस्तीत उतरले. शिक्षिकेने सवयीने लिहिलं, 'आधीच खाली'.

मावशींनी झाडाखाली पाहिलं. बाक रिकामा.

"अहो, पोरगी वरच आहे!" त्या जिन्याकडे धावल्या. मुख्याध्यापकांनी त्यांचा दंड धरला.

"बाहेर आलेल्याने परत आत जायचं नाही. नियम आहे. बंबवाले आणतील."

जिन्यातून काळा धूर येत होता. मावशी थांबल्या. धूर बघून थांबल्या की साहेबांचा हात बघून, हे त्यांना पुढे कधीच ठरवता आलं नाही.

बंबवाल्यांनी तिला चादरीत गुंडाळून आणलं. भाजल्याची एकही खूण अंगावर नव्हती. धुरानेच जीव घेतला होता. ती वर्गात आपल्या बाकावरच बसलेली सापडली, असं ते म्हणाले.

चौकशीला मुलीची आई समोरच बसली होती. मुख्याध्यापकांनी घसा खाकरला. "तशी मुलगी जरा हट्टी होती. बाईंनी हाका मारल्या, पण ती उठली नाही."

शिक्षिका खाली बघत राहिल्या. मावशींना मात्र राहवलं नाही, त्या उठून उभ्या राहिल्या.

"हट्टी नव्हती हो ताई. एकटी जिना उतरू नकोस, मी न्यायला येईपर्यंत जागेवरून हलू नकोस, असं मीच बजावलं होतं तिला. गुणी पोर. तिने ऐकलं."

आईने पहिल्यांदाच मान वर केली. "मग आला का नाहीत?"



"घ्या, मावशींनीच बजावलं होतं, हे लिहून घ्या," मुख्याध्यापक कारकुनाला म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी खुर्चीत निवांत मागे टेकले.