दिव्यावरची काळी पट्टी

"मधमाशा कशा आहेत?" लायलने फोनवर पहिलं हेच विचारलं. मी कसा आहे ते विचारलं नाही, आणि त्याचं काही चुकलं नाही. चारशे पेट्या त्याच्या होत्या, ट्रक माझा होता, आणि सकाळी साडेदहाला तो ट्रक नेवाडाच्या हमरस्त्यालगत एका बंद पडलेल्या पंपाच्या आवारात उभा होता.

"बऱ्या आहेत," मी म्हणालो.

"चाक फिरतंय ना?"

मी खिडकीतून बंद पंपाकडे पाहिलं.

"मर्ल, दुपारपर्यंत चाक फिरलं नाही तर डाकोटात रिकाम्या पेट्या उतरवशील. ऐकतोयस ना?"

ऐकत होतो. वीस वर्षं मी दर मे महिन्यात लायलच्या मधमाशा फुलोऱ्यासाठी डाकोटाला वाहतोय. ऊन असताना थांबायचं नाही, हा यातला एकच नियम. ट्रक पळत असला की वाऱ्याने पेट्या थंड राहतात. थांबला की माशा उकाड्याने बाहेर येतात आणि पेट्यांवर टाकलेल्या जाळीत गुदमरून मरतात.

पण ट्रकच पळायला तयार नव्हता. या नव्या इंजिनांत धूर साफ करणाऱ्या भागात काही बिघडलं की आधी समोर इशाऱ्याचा दिवा लागतो, मग जोर कमी होतो, शेवटी माणूस चालेल इतकाच वेग उरतो. दिवा पहाटेच लागला असणार. मला दिसला नाही, कारण त्यावर मी काळी चिकटपट्टी लावली होती. हसू नका. स्वतःचा ट्रक चालवणाऱ्या आमच्यातल्या निम्म्यांच्या केबिनमध्ये ती पट्टी असते. दिवा उठसूट लागतो, आणि वर्कशॉपवाले नुसतं बघायलाच तीन दिवस लावतात. आताही मी फोन केला तर म्हणाले, गुरुवारी आणा. तो सोमवार होता.

शेजारी आर्डिस सूर्यफुलाच्या बिया खात बसली होती. टरफलं कपात टाकत होती आणि चकार शब्द बोलत नव्हती. बायको अशी गप्प बसली की मला घाम फुटतो. जानेवारीत तिने स्वयंपाकघराच्या दुरुस्तीला ठेवलेल्या पैशांतून एक लॅपटॉप आणि इंजिन तपासायचं सॉफ्टवेअर आणलं होतं. "उद्या घरी एक्स-रे मशीनही आण," मी तेव्हा म्हणालो होतो, "डॉक्टर कशाला लागतोय!" तेव्हापासून, माझ्या समजुतीने, ते केबिनमागच्या बिछान्यात घोंगडीखाली पडून होतं.

"विचार," ती म्हणाली.

"काय विचारू?"

"तुला माहितेय काय ते."

जाळीवर माशा दाटायला लागल्या होत्या. मी मान खाली घातली. "आर्डिस, ते तुझं... लावून बघतेस का?"

"ते म्हणजे? एक्स-रे मशीन?"

"हो बाई, एक्स-रे मशीन!"

चष्मा लावून तिने स्टिअरिंगखाली केबल खोचली. हिवाळाभर मी झोपल्यावर ती हे शिकत बसायची, ते तिची सराईत बोटं बघून मला तेव्हा कळलं.

"धुराच्या नळीवरचा सेन्सर," ती म्हणाली.

"मेलो! नवा कुठून आणू?"

"घाई करू नकोस. आकडा येतोय, जातोय. सेन्सर मेला असता तर आलाच नसता. खाली जा, वायर हलवून बघ."

मी ट्रकखाली सरपटलो. वरून ती ओरडत होती, "आहे... आहे... गेला! तिथेच थांब!" वायर लोखंडी पट्टीवर घासून सोलवटली होती. आतली तार तुटायला आली होती. मी ती पिळून जोडली आणि खिशातली काळी पट्टी घट्ट गुंडाळली.

"एकदाची ती पट्टी योग्य जागी लागली," आर्डिस म्हणाली.

चालवून बघितला, तरी ट्रक रांगतच होता. बिघाड काढला तरी वेगाला घातलेलं कुलूप आपोआप निघत नाही, संगणकाने सांगावं लागतं. वर्कशॉपला आम्ही त्यासाठीच पैसे मोजायचो. तिने बटण दाबलं. पडद्यावरची हिरवी रेघ मुंगीच्या पावलाने सरकत होती. मागचा गुंजारव इतका चढला होता की केबिनची काच थरथरत होती.

"आता दाब," ती म्हणाली.

मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि इंजिनाने पूर्ण जोर धरला. मला रडू आलं. एकसष्ट वर्षांचा बाप्या मी, बाहीने डोळे पुसत गिअर टाकत होतो.

"रस्ता बघ," ती म्हणाली.

तिनेच लायलला फोन लावला. "चाक फिरतंय," एवढंच सांगितलं. मग तो म्हणाला, "देव तुझं भलं करो, आर्डिस." माझं नावही घेतलं नाही. मला अजिबात राग आला नाही. मी नखाने दिव्यावरची पट्टी खरवडून काढली.

हमरस्त्यावर वळताना मी आरशात पाहिलं. जाळीच्या फटींतून निसटलेल्या शे-दोनशे माशा मागेच राहिल्या होत्या.

"थांबता येणार नाही," आर्डिस हळूच म्हणाली.

"नाही."

ट्रक उभा होता त्या मोकळ्या जागेवर, बरोबर पेट्यांच्या उंचीला, त्या घिरट्या घालत आपलं घर शोधत होत्या.