तुम्ही बोला, मी बघते

वहिनी आणि वन्सं दोघीच मोठ्या शहरात फिरायला निघाल्या, तेव्हा घरातून एवढ्या सूचना झाल्या की आपण सहलीला नाही, लढाईवर चाललोय असं वहिनींना वाटायला लागलं. वहिनींचा मुलगा रोज जेवताना तोच विषय काढायचा. पिशवी पोटाशी धरा. आपणहून मदतीला येईल त्याच्यापासून लांब राहा. रस्ता चुकलात तर भांबावून उभ्या राहू नका, सरळ एखाद्या दुकानात शिरा. वहिनी मुकाट्याने मान डोलवत. वन्सं मात्र म्हणाल्या, "अरे, मी आख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखते मी. मला कोण गंडवणार?"

त्यांचा आवाजच तसा होता. लग्न केलं नाही, भावाच्या घरात राहिल्या, आणि ते घर त्यांच्या आवाजावर चाललं. वहिनी लोकांचे ब्लाउज शिवायच्या आणि कमी बोलायच्या. तरुणपणी दोघींचं फारसं पटलं नाही. पुढे भाऊ गेला, सून आली, आणि नणंद-भावजयीच्या कॉट एका खोलीत शेजारी शेजारी लागल्या. दिवा मालवल्यावर गप्पा सुरू झाल्या त्या तेव्हापासून. अशाच एकदा वन्सं म्हणाल्या होत्या, "त्या शहराच्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा टांगलाय म्हणे, छताला. मला तो बघायचाय." एवढ्या एका वाक्यावर ही सहल ठरली. वहिनींनी परकराच्या आत चोरखिसा शिवला, त्यात पैसे आणि दोघींची ओळखपत्रं ठेवली. फोन एकच घेतला, वन्संचा.

शहरात उतरल्या तेव्हा सकाळ होती. रिक्षावाल्याने लॉजच्या गल्लीच्या तोंडाशी सोडलं. वहिनी पाठमोऱ्या वळून त्याचं भाडं देत होत्या, तेवढ्यात इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस पुढे आला. गळ्यात कार्ड, बोलणं मधासारखं.

"मावशी, कुठलं लॉज?"

वन्संनी नाव सांगितलं.

"अरेरे! ते कालपासून बंद झालं. पाइप फुटला, खालचा मजला सगळा पाण्यात. मी पर्यटन खात्याचाच आहे, हे बघा कार्ड. आमच्या यादीतलं दुसरं लॉज देतो, त्याच भावात."

वन्संनी कार्ड हातात घेतलं, नाकाजवळ नेलं, उलटसुलट केलं. "कार्ड खरं आहे, वहिनी. चला."

वहिनींच्या मनात आलं, एकदा आत जाऊन बघून यावं. पण वन्सं त्याच्या गाडीत बसल्याही होत्या, आणि त्यांची बॅग डिकीत गेली होती. फोनही त्या बॅगेतच.

गाडी आधी मोठ्या रस्त्याने गेली. मग वळली, परत वळली. दुकानं विरळ झाली, भिंती लांबच लांब झाल्या. पुढे बसलेला माणूस आता 'मावशी' म्हणेना. ड्रायव्हरशी हळू आवाजात काहीतरी बोलत होता. वहिनींनी वन्संकडे पाहिलं. वन्सं ताठ बसल्या होत्या, पण त्यांचा हात सीटवर काहीतरी चाचपत होता. वहिनींनी तो हात धरला. बर्फासारखा गार.

आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता त्या वहिनी एकदम ओरडल्या, "थांबवा! गाडी थांबवा! मला उलटी होतेय!"

"पुढे थांबू."

"पुढे नाही, आत्ता! आली, आली!" म्हणत त्यांनी तोंडावर पदर धरला आणि असा काही आवाज काढला की ड्रायव्हरने आपल्या नव्याकोऱ्या सीटकव्हरकडे बघून कचकन ब्रेक मारला. वहिनींनी दार उघडलं आणि वन्संना दंडाला धरून अक्षरशः ओढून बाहेर काढलं. तो माणूस "अहो, अहो" करत उतरायला लागला, पण वहिनी "पोलीस! पोलीस!" म्हणून बोंब मारत सुटल्या होत्या. समोरच्या गॅरेजमधली माणसं उठून उभी राहिली. गाडी धूळ उडवत निघून गेली, बॅगेसकट.

वन्सं वहिनींच्या पदराचं टोक मुठीत धरून उभ्या होत्या.

"दुकान," वहिनी स्वतःशीच म्हणाल्या. "दुकानात शिरायचं." रस्त्यावर दुकानं होती चार-दोनच. त्यांतल्या एकातून शिलाई मशीनची ओळखीची खडखड आली आणि वहिनी वन्संना घेऊन थेट तिकडे गेल्या.

आत एक बाई मशीनवर बसली होती. दातांत टाचणी, गळ्यात टेप. दोघींचे चेहरे पाहून तिने टाचणी काढली, कापडांचा ढीग बाजूला सारला. "बसा आधी. पाणी घ्या. मग सांगा काय झालं."

वहिनींनी सांगितलं. शिंपीणबाईने कपाळाला हात लावला. "तुमचं लॉज बंद झालं म्हणाला ना? नेहमीचंच झालंय त्यांचं. थांबा." तिने आपल्या फोनवर लॉजचा नंबर शोधला आणि लावला. पलीकडून मॅनेजर म्हणाला, "बंद? आमच्याकडे? अहो, मी सकाळपासून पाहुण्यांची वाट बघतोय! तिथेच बसवून ठेवा, मी स्वतः येतो."

वहिनींचा जीव भांड्यात पडला. मॅनेजर येईपर्यंत त्यांना नुसतं बसवेना. समोर पडलेल्या एका ब्लाउजला त्या हूक लावायला लागल्या. शिंपीणबाईने एकदा त्यांच्या टाक्याकडे बघितलं, हसली, आणि दुसरा ब्लाउज पुढे सरकवला. वन्सं कोपऱ्यातल्या स्टुलावर खांदे पाडून बसल्या होत्या. एवढासा जीव दिसत होता त्यांचा. वहिनींच्या मनात आलं, ह्या कधी अशा झाल्या? की मीच बघितलं नाही?

मॅनेजर आला, आधी पोलीस चौकीत घेऊन गेला. तक्रार लिहून झाली. बॅग काही मिळायची नाही हे हवालदाराच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. तिथून मुलाला फोन केला. तो आधी घाबरला, मग रागावला, मग म्हणाला, "आई, तू ओरडलीस? तू?"

लॉजच्या गल्लीशी गाडी थांबली आणि वहिनी जागच्या जागी थबकल्या. सकाळी ज्या कोपऱ्यावर उभ्या होत्या, त्याच्या अगदी समोर लॉजची पाटी होती. पुरुषभर उंचीची अक्षरं, दार सताड उघडं. सकाळी वहिनी भाडं देताना पाठमोऱ्या होत्या, पण वन्सं त्या पाटीकडेच तोंड करून उभ्या होत्या.

खोलीत आल्यावर वहिनींनी कडी लावली. "वन्सं, पाटी दिसली नाही तुम्हाला?"

वन्सं पलंगाच्या कडेवर बसल्या. "नाही दिसत. काहीच नीट दिसत नाही. कार्डावर तर नुसता पांढरा डाग होता."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष. मोतीबिंदू असणार. म्हटलं, सांगितलं तर हे लोक मला घरात बसवतील. मग देवमासा काही बघायला मिळायचा नाही."

वहिनींना आधी संताप आला. गाडीतला तो गार हात आठवला, आणि संताप कुठल्या कुठे गेला. त्या शेजारी जाऊन बसल्या. "वेड्या आहात. मला तरी सांगायचं. एवढ्या रात्री शेजारी झोपते मी."

"तुम्हाला ओझं झालं असतं."

"ओझं?" वहिनींनी आपल्या पदराने त्यांचे डोळे पुसले. "ऐका माझं. उद्यापासून तुम्ही बोला, मी बघते. मी म्हणेन तेव्हा गाडीत बसायचं, मी म्हणेन तेव्हा उतरायचं. आहे कबूल?"

"आज तर बोललात पण तुम्हीच," वन्सं नाक ओढत म्हणाल्या. "केवढ्याने ओरडलात! कानठळ्या बसल्या माझ्या."

दोघी हसत सुटल्या. खालून मॅनेजरने चहा पाठवला.

दुसऱ्या दिवशी लॉजच्या ओळखीची रिक्षा सांगितली. बसण्याआधी वहिनींनी तिचा नंबर मोठ्याने वाचला आणि वन्संनी तो मॅनेजरला खणखणीत आवाजात ऐकवला. संग्रहालयात दोघी हातात हात घालून देवमाशाखाली उभ्या राहिल्या. वन्सं मान वर करून, डोळे बारीक करून बघत होत्या.

"काहीतरी आहे वर. केवढा आहे हो?"

"आपल्या घरात ठेवला ना, तर डोकं आपल्या खोलीत आणि शेपूट शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात."

"बरं होईल. फार भांडी आपटतात." मग हळूच, "आणि बरगड्या?"

वहिनी एकेक बरगडी सांगत गेल्या. कुठे वाकलीय, कुठे पिवळी पडलीय, कुठे तारेने बांधलीय. मागे लोक येऊन जात होते. दोघींना कसलीच घाई नव्हती.

घरी परतल्यावर वन्संचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दिवशी त्यांनी डॉक्टरकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, मग वहिनींकडे वळून एकटक बघत राहिल्या.

"अगंबाई! वहिनी, तुम्ही एवढ्या म्हाताऱ्या कधी झालात?"

डॉक्टरांना हसू आवरेना. वहिनींनी वन्संच्या पायात चपला सरकवल्या, आणि आता गरज नव्हती तरी त्यांचा हात धरूनच जिना उतरल्या.