यादोरावची जागा

"मंग शाल कोनाच्या खांद्यावर टाकतील ते? खुर्चीच्या?"

प्रेमिलाने हे विचारलं तेव्हा तिच्या हातात चिंचेच्या कोळात बुडवलेलं एक पितळी पदक होतं. ती ते अंगठ्याने घासत होती, जरा जास्तच जोरात. गोंदियाजवळच्या मुर्री गावात, घराच्या ओसरीत रत्नपाल मास्टर ट्रम्पेटच्या कळांना तेल सोडून त्या एकेक दाबून बघत होते.

"तू जा नं," ते मान वर न करता म्हणाले. "मी घेतलं काय, तू घेतलं काय, ठेवाचं तं याच भिंतीवर आहे."

"मी कायले जाऊ? मी वाजवलं का?"

मास्टरांनी पुढच्या कळेला तेल सोडलं. त्यांचं गप्प राहणं प्रेमिलाला संसारभर ठाऊक होतं. त्यावर भांडता येत नसे.

भिंतीवरच्या फळीवर मास्टरांची कमाई मांडलेली होती. बालाघाटच्या बँड स्पर्धेची ढाल. राजनांदगावला मिळालेली 'बँड सम्राट' अशी अक्षरं कोरलेली थाळी. कुठल्याशा मालगुजाराने मुलाच्या वरातीत खूश होऊन कोटाला टोचलेलं चांदीचं पदक. भीमजयंतीच्या मिरवणुकांमधली सन्मानचिन्हं तर इतकी, की मागची पुढच्यांच्या आड गेली होती. मास्टरांचे वडील गोंदियाच्या रेल्वेत खलाशी होते. लहानपणी रेल्वेच्या क्लबात साहेबलोक नाचायचे, आणि रत्नपाल खिडकीखाली उभा राहून त्यांचा बाजा ऐकायचा. ट्रम्पेटचा सूर सरळ न जाता मध्येच वाकतो, रेंगाळतो, पुन्हा धावतो, हे तो तिथे शिकला. पुढे स्वतःचा बँड काढल्यावर ती वाकवण्याची तऱ्हा त्याने लग्नाच्या बाजात आणली. चाली स्वतः बांधल्या. त्यातली बिदाईची चाल आज भंडाऱ्यापासून डोंगरगडपर्यंतचे बँड आपापल्या तऱ्हेने वळवून वाजवतात, मूळ चाल मात्र मास्टरांच्याच बँडात ऐकायला मिळते. मुलीला सासरी धाडताना ती वाजली नाही तर बायांना रडू येत नाही, असं लोक गमतीने म्हणत.

आणि आता गोंदियाच्या एका सांस्कृतिक मंडळाने मास्टरांना जीवनगौरव पुरस्कार जाहीर केला होता. मोठा हॉल, मुंबईचा पाहुणा, पेपरात फोटो. मंडळाचा चिटणीस ओमेश स्वतः घरी येऊन पेढे देऊन गेला. नंतर तारीख ठरली, आणि ती नेमकी नीतूच्या लग्नाची निघाली.

नीतू ही यादोरावची मुलगी. यादोराव मास्टरांच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचा. बँड निघाला त्या दिवसापासून मागच्या वर्षी पोटाच्या दुखण्याने जाईपर्यंत. सालेकसाजवळच्या गावचा माणूस. ट्रकवर ढोल आणि भोंगे लावून येणाऱ्या धुमालचा त्याला तिटकारा होता. दवाखान्यात शेवटी शेवटी त्याचा आवाज बसला होता. मास्टरांचा हात धरून तो म्हणाला होता, "नीतूच्या लग्नात धुमाल नको आनू देजो, मास्टर. बिदाईले तू वाजव."

मास्टर "हाव" म्हणाले होते. तेवढंच.

ओमेश दुसऱ्यांदा आला तो अजिजी करायलाच. "मास्टर, सकाळी कार्यक्रम, दोन घंट्यात मोकळे. मी गाडी देतो, थेट सालेकसाले सोडून देतो."

"बरातीचं स्वागत दुपारी आहे," मास्टर म्हणाले. "मानसं सकाळपासून सूर लावत बसतील. पोरीच्या दारी बँडवाले उभे आन मास्टर गाडीतून उतरून राहिला, असं नाई जमत, बाबू."

ओमेश गेल्यावर प्रेमिला दिवसभर भांडी आपटत राहिली. तिला राग कशाचा आला होता ते तिचं तिलाही धड सांगता येत नव्हतं. स्नेहल जन्मली तेव्हा मास्टर देवरीकडे वरातीत होते. घराची भिंत पावसात खचली तेव्हा मास्टर बाहेर. उन्हाळा म्हणजे घरी मास्टर नाहीत, हे गृहीतच. त्या सगळ्या वर्षांचा एक दिवस तिला हवा होता. हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसून तिला बघायचं होतं, की आपल्या माणसाला बोलावतात, तो उठतो, पायऱ्या चढतो.

दुसरंही एक होतं. मास्टरांचा पुढचा एक दात आधीच गेला होता आणि शेजारचा हलत होता. दाताच्या डॉक्टरने तो काढायलाच सांगितलं होतं. ट्रम्पेट दातांच्या आधाराने ओठावर बसतो. दात गेला की सूर गेला. कवळी लावून वाजवणारे पाहिले होते मास्टरांनी. त्या वाटेला ते जाणार नव्हते. "नीतूचं लगीन होऊ द्या, मंग काढू," असं ते डॉक्टरला सांगून आले होते. म्हणजे सत्काराच्या दिवशी हॉलमध्ये जो माणूस बसला असता तो अजून वाजवणारा होता, आणि पुढच्या महिन्यात तो वाजवणारा उरणार नव्हता. प्रेमिलाला ते कळत होतं. म्हणूनच राग येत होता.

लग्नाच्या दिवशी मास्टर उजाडताच सालेकसाकडे निघाले. लाल कोट, सोनेरी झालर, टोपी पिशवीत. दारातून वळून म्हणाले, "ते निळं लुगडं नेस. तुले शोभते."

हॉल भरला होता. स्नेहल आईला घेऊन पहिल्या रांगेत बसली. निवेदक खड्या आवाजात मास्टरांचे मानसन्मान वाचत गेला: ढाल, थाळी, पदकं, किती जिल्ह्यांत किती सत्कार. प्रेमिला ऐकत होती. प्रत्येक नावागणिक तिला एक तारीख आठवत होती. बालाघाटची ढाल आली तेव्हा स्नेहलला गोवर निघाला होता. राजनांदगावची थाळी आली त्या रात्री घरात फक्त भात होता, आणि त्यांनी त्याच थाळीत तो वाढून घेतला होता. मास्टर हसत म्हणाले होते, सम्राट जेवून राहिला. हे कुणी वाचत नव्हतं, आणि वाचायचं कारणही नव्हतं.

"त्यांच्या वतीने सौभाग्यवती प्रेमिलाताई..."

ती उठली. पायऱ्या चढताना स्नेहलने कोपर धरलं तर तिने ते सोडवून घेतलं. पाहुण्यांनी शाल घातली, मानपत्र दिलं, सन्मानचिन्ह दिलं. टाळ्या झाल्या. ती वळणार तेवढ्यात ओमेशने माईक पुढे केला. "दोन शब्द बोला, काकू."

ती जन्मात माईकसमोर उभी राहिली नव्हती. तिने पदर सारखा केला.

"जय भीम," ती म्हणाली. माईकमधून आलेला स्वतःचाच आवाज ऐकून थांबली. "ते आले नाई. त्याईनं एका मानसाले शब्द देल्ला होता. तो मानूस आता नाई, म्हून तं जानं भागच होतं." तिने खांद्यावरची शाल सावरली. "तुमी सांगतलं ते गज्जब वाजवते. तुमी पाह्यलं असन. मी नाई पाह्यलं. बँडवाल्याची बायको लोकाच्या बरातीत कायले जाईन? मी घरी ऐकलं, सयपाक करता करता. तं आता मी जाऊन राहिली पाहाले. सालेकसाची गाडी आहे."

आणि ती खरोखरच पायऱ्या उतरली. लोकांना आधी कळलंच नाही. मग टाळ्या वाजल्या, मघापेक्षा मोठ्या, पण तोवर ती दाराशी पोचली होती.

"आई, आता कुठं?" स्नेहल मागून धावली. "जेवण आहे इथं."

"तिथंबी आहे."

स्नेहलने तिला स्कूटीवरून स्टेशनात सोडलं. बरोबर येते म्हणाली, पण प्रेमिलाने तिला परत पाठवलं. शाल घडी करून पिशवीत टाकली. गाडी आमगाव सोडून पुढे गेली तशी शेतं मागे पडली, सागाची झाडं रुळाजवळ आली. उन्हात मोहाची झाडं नव्या तांबूस पालवीने भरली होती. या वाटेने मास्टर किती वेळा गेले असतील. तिने ही वाट आजच धड पाहिली.

ती मांडवात पोचली तेव्हा लग्न लागून गेलं होतं. वंदना, मंगलगाथा सगळं आटोपलेलं. वराकडच्यांनी आणलेली धुमाल रस्त्याच्या टोकाला ट्रकवर मुकाट उभी होती. बिदाईला तिचं काम नव्हतं. दारात लाल कोटांची रांग होती. कोट जुने, झालरी काळवंडलेल्या, पण रांग सरळ. मधोमध मास्टर. त्यांनी तिला पाहिलं नाही. ती बायांच्या घोळक्यात शिरली तर पुढ्यात सुशिलाबाई, नीतूची आई. पांढऱ्या पातळात, रडून डोळे सुजलेले.

"प्रेमिलाबाई? तुमी कशा आल्या?"

"आली," प्रेमिला म्हणाली. "पोरगी जाऊन राहिली नं."

नीतू उंबरठ्याबाहेर आली आणि मास्टरांनी ट्रम्पेट उचलला.

प्रेमिलाला चाल पाठ होती. स्वयंपाकघरात बसून तिने ती हजारदा ऐकली होती. पण घरी ती भिंतींना आपटून यायची, आणि इथे ती उघड्यावर निघाली होती, हळूहळू, रस्त्याच्या कडेने चालत जाणाऱ्या माणसासारखी. मास्टरांनी डोळे मिटले होते, मान तिरकी. सूर एका जागी वाकला, तिथेच रेंगाळला, आणि बायांच्या घोळक्यातून पहिला हुंदका आला. मागून युफोनियमचा भरदार पितळी सूर आणि ढोल नुसता आधार देत होते. प्रेमिलाच्या मनात आलं, हा माणूस माझ्या घरात राहतो. चहात साखर कमी पडली तर कुरकुरतो. तो हा.

मग ट्रम्पेट थांबला.

तिला ते नवं नव्हतं. घरी वाजवतानाही मास्टर नेमके इथेच थांबत. ट्रम्पेट खाली घेत, बोटांनी मांडीवर ठेका धरत, आणि थोड्या वेळाने पुढचं उचलत. तिला वाटायचं, दम घेत असतील. आता ती बघत होती. शेजारी टेकचंद क्लॅरिनेट घेऊन उभा होता. यादोराव गेल्यावर बँडात आलेला, चांगला वाजवणारा माणूस. त्याने क्लॅरिनेट ओठांना लावला नाही. तो छातीशी धरून उभा राहिला. नुसता ढोल हळू वाजत होता.

सुशिलाबाईने प्रेमिलाचं मनगट धरलं.

"इथं ते वाजवे," ती म्हणाली. "यादोराव. ही त्याईची जागा आहे."

"आमच्या घरी ही जागा खालीच राहे, रिकामी," प्रेमिला म्हणाली. "मले वाटे, दम घेते."

"आमच्या घरी तेवढीच वाजे. बस, एवढीच. पुढं काय, मागं काय, मले ठाऊकच नोहतं. आज पह्यल्यांदा ऐकून राहिली मी."

आणि सुशिलाबाई ओठ मिटून, नाकातल्या नाकात ते गुणगुणू लागली. तिचा आवाज शेजारच्या बाईलाही गेला नसेल. प्रेमिलाला मात्र ऐकू येत होतं. ट्रम्पेटने जो प्रश्न विचारून सोडला होता त्याला कुणी समजुतीने उत्तर द्यावं, तसे ते सूर होते. इतकी वर्षं ती चाल अर्धीच ऐकत आली होती, आणि अर्धीवरच तिचा जीव होता.

सुशिलाबाईचं गुणगुणणं संपलं आणि मास्टरांनी ट्रम्पेट पुन्हा ओठाला लावला. वरच्या सुरावर जाताना तो चिरकला. मास्टरांनी तो सोडला नाही. खालून घेतला, साधा करून घेतला, आणि साधाच शेवटपर्यंत नेला. टेकचंद, युफोनियमवाला, सगळे त्यांच्यासोबत खाली उतरले. नीतू गाडीत बसली. गाडी वळणापलीकडे गेली तरी बँड वाजत होता.

थांबल्यावर मास्टरांनी रुमालाने ओठ टिपला. रुमालाला थोडं रक्त लागलं. त्यांनी घडी आत दुमडली, आणि मान वर केली तर समोर निळं लुगडं.

"तू कायले आली वं?" ते म्हणाले. "तिकडं कोन होतं?"

"तिकडचं झालं. घेतलं मी."

"बोलाले लावलं का?"

"लावलं."

"काय बोलली?"

"म्हटलं, मले जायाचं आहे." तिने त्यांच्या हातातल्या रुमालाकडे पाहिलं. "वरचा सूर फाटला तुमचा."

"फाटला," मास्टर म्हणाले.

"चांगला होता तरी."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या ढाली मिळाल्या, पण घरातून त्यांच्या वाजवण्यावर कधी कुणी काही बोललं नव्हतं. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. ट्रम्पेट पेटीत ठेवून त्यांनी खटके लावले आणि पेटी टेकचंदच्या हातात दिली. "ठेव तुयाकडं," एवढंच म्हणाले. टेकचंदने ती घेतली.

बँडवाल्यांचं जेवण नेहमी सगळ्यांच्या शेवटी. माणसं कोट काढून, बाह्या वर करून बसली, पटापट जेवून उठली. मास्टरांना घास नीट चावता येत नव्हता, म्हणून ते मागे राहिले. प्रेमिला त्यांच्या शेजारी पत्रावळ घेऊन बसली होती. सुशिलाबाई स्वतः वाढायला आली. लेक गेलेल्या घरात आता दुसरं काही काम उरलं नव्हतं. तिने भातावर वरण ओतलं, मास्टरांच्या पानात ते जास्त ओतलं आणि तिथेच बाजूला बसून राहिली. प्रेमिलाने आपल्या पानातल्या वांग्याच्या मऊ फोडी निवडून मास्टरांच्या पानात सरकवल्या. सूर्य सागाच्या झाडांमागे गेला होता.

मांडववाल्यांनी दुसऱ्या टोकापासून आवरायला घेतलं होतं. खुर्च्या गेल्या, पडदे उतरले. दोघं जण सतरंजी गुंडाळत गुंडाळत जवळ आले. पंगतीत दोघंच जेवत आहेत हे पाहून त्यांनी गुंडाळी तिथेच सोडली आणि तिच्यावर टेकून बसले, त्यांचं जेवण होईपर्यंत.