डॉन एलादियोंचं समाधान

माणसाचं समाधान मोजता येतं, आणि ते मोजणं हे सुसंस्कृत देशाचं पहिलं कर्तव्य आहे. आमच्या तालुक्यात हे कर्तव्य पार पाडायला जीप लागते. त्या वर्षी जीपला एक टायर कमी होता, म्हणून समाधानाची मोजणी पावसाळा संपल्यावर सुरू झाली.

मी प्रकल्पाचा स्थानिक समन्वयक होतो. म्हणजे जीप चालवायची आणि कुत्र्यांना बाजूला घ्यायचं. राजधानीच्या विद्यापीठात समाजशास्त्र शिकल्यामुळे मला दुसरं काही करता येत नव्हतं. खरं संशोधन डॉ. मारिएलोस करायच्या. राजधानीहून, म्हणजे सान होसेहून आलेल्या, पस्तिशीच्या, उन्हाने लाल झालेल्या, मनाने अतिशय चांगल्या. म्हाताऱ्या माणसांचा स्वभाव, त्यांचं भावनिक स्वास्थ्य आणि जगण्याचा दर्जा, या तीन गोष्टींचं एकमेकांशी काय नातं आहे, हे त्यांना शोधायचं होतं. पैसा परदेशातून येत होता, त्यामुळे त्याला एक माणुसकीची अटही जोडलेली होती. ज्याचं समाधान शंभरात साठच्या खाली येईल, त्याच्या घरी रोज दुपारी एक सोबतीण पाठवायची. साठच्या वर आला, तर सोबतीण काढून जास्त दुःखी माणसाला द्यायची. यात चूक काढायला जागा नाही. मी बरीच शोधली.

डॉन एलादियो ओबान्दो पोसो सेको नावाच्या खेड्यात राहायचे. डॉन म्हणजे आमच्याकडे नुसतं 'राव', बाईला डोन्या. चौऱ्याऐंशीचे. जन्म गुरांमागे गेलेला. बायको, डोन्या डिग्ना, आदल्या वर्षी वारलेली. मुलगे किनाऱ्यावर परदेशी लोकांची घरं बांधायला गेले आणि बांधतच राहिले. डिग्ना गेल्यावर दवाखान्याच्या शिफारशीवरून सिनिया नावाची बाई सोबतीण म्हणून दुपारी त्यांच्याकडे यायला लागली. पन्नाशीची, दणकट, तोंडाळ. ती घेवडा शिजवायची, मक्याच्या भाकऱ्या थापायची, पत्ते खेळताना लबाडी करायची आणि पूर्ण वेळ भांडायची. आमच्याकडे कुणी कुणाला आडवं बोलत नाही. नवरा बायकोला, आई पोराला, माणूस कुत्र्याला, सगळे सगळ्यांना अहो-जाहो करतात. सिनियाही अहो-जाहोच करायची, पण घर दणाणून सोडायची.

"अहो, हा सदरा काय गाईने चघळलाय? काढा! काढा म्हणते ना!"

"काढतो हो. ओरडता कशाला?"

"तुम्हाला ऐकू यावं म्हणून!"

"मला ऐकू येतं."

"मग काढत का नाही?"

हे असं संध्याकाळपर्यंत.

पहिली चाचणी सकाळी झाली, ओसरीवर. डॉन एलादियोंनी कॉफी गाळली, मक्याच्या पिठाची भाजलेली, बांगडीसारखी गोल कडी पुढे ठेवली, डॉक्टरीणबाईंना चांगली खुर्ची दिली आणि स्वतः पिंपावर बसले.

"एकंदरीत माझं आयुष्य मला हवं तसं आहे," डॉ. मारिएलोसनी वाचलं. "पूर्ण असहमत, असहमत, सांगता येत नाही, सहमत, पूर्ण सहमत?"

"तुम्हाला कोणतं बरं पडेल?"

"माझं नाही, डॉन एलादियो. तुमचं."

"मग शेवटचं घ्या. ऐकायला बरं वाटतं ते."

"मला पुष्कळदा एकटं वाटतं."

"छे, तुम्ही आलात की आता!"

आमच्याकडे दारात आलेल्या माणसाने कसं काय विचारलं, तर उत्तर एकच असतं: छान, देवाची कृपा. घर पेटलेलं असलं तरी आधी हे, मग पाणी. रस्ता माहीत नसला तरी वाटसरूला सांगतात, कारण नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटेल. डॉ. मारिएलोसना हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्या शास्त्राला माणसं तोंडदेखलं बोलतात हे पक्कं ठाऊक आहे, आणि त्यासाठी चाचणीत मधे मधे चाळण्या लावलेल्या असतात.

"मी आयुष्यात कधीच कुणावर रागावलो नाही," त्यांनी वाचलं. याला जो होय म्हणेल तो खोटारडा, त्याचा कागद बाद.

डॉन एलादियोंनी बराच विचार केला. "नाही, तसं म्हणता येणार नाही. एकदा रागावलो होतो. गाईवर. तरुण होतो तेव्हा."

अशा सगळ्या चाळण्यांतून ते सुखरूप खाली उतरले. निकाल आला: स्वभाव अत्यंत मनमिळाऊ, उत्तरं विश्वासार्ह, समाधान चौऱ्याण्णव.

सांगायला मी गेलो. सिनियाला एक तारखेपासून दुसरीकडे पाठवणार, हे ऐकून ते म्हणाले, "वा! कुणाला तरी जास्त गरज असेल." मग कुत्र्याच्या मानेवरची एक गोचीड काढली, ती चिरडली, आणि विचारलं, "सिनियाला कळलंय?"

"अजून नाही."

"बरं."

उन्हात पाचोळासुद्धा हलत नव्हता.

"दुपारचं जेवण झालं की मी इथे बसतो," ते म्हणाले. "फाटकाकडे बघत. ती येते. मग बघायला लागत नाही. रविवारी ती येत नाही. तेव्हा बघतच बसतो. अंधार पडला तरी. मग आत जाऊन आडवा होतो आणि वाटतं, आता परत सकाळ होणार."

"मग?"

"मग होते."

"हे डॉक्टरीणबाईंना का नाही सांगितलंत?"

"पाहुण्या त्या. इतक्या उन्हातून आलेल्या. तुमचं काय, तुम्ही इथलेच, तुम्हाला काही सांगितलं तरी चालतं."

मी फेरचाचणीचा अर्ज केला. डॉ. मारिएलोसनी लगेच मान्य केला. त्या खरंच चांगल्या होत्या, हे मी पुन्हा सांगतो, कारण पुढे त्याचाच त्रास झाला.

फेरचाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही तालीम घेतली. सिनिया चांगल्या खुर्चीत बसली आणि डॉक्टरीण झाली.

"काय हो, तुमचं आयुष्य तुम्हाला हवं तसं आहे?"

"तसं बऱ्यापैकी..."

"बऱ्यापैकी! काल म्हणत होतात, डिग्नाने येऊन न्यावं आता. आज बऱ्यापैकी?"

"ते तुम्हाला म्हटलं. बाईंना कसं म्हणू? त्यांचं वय काय!"

"मी गेल्यावर इथे कोण येणार आहे? हे?" तिने माझ्याकडे हनुवटी केली. "हे येतील, कॉफी पितील आणि जातील."

हे खरं असल्यामुळे मी कॉफी संपवली.

"म्हणा, असहमत."

"जरा कडक वाटतो शब्द."

"म्हणा!"

"असहमत," डॉन एलादियो म्हणाले. इतक्या हळू, की कुत्र्याने कान टवकारले. पण म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, थोडं मोठ्याने. सिनियाने त्यांना बक्षीस म्हणून गुळाचं गरम पाणी केलं आणि त्यात गूळ कमी आहे म्हणून दोघं भांडली. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी डॉ. मारिएलोस आल्या त्या उतरलेल्या चेहऱ्याने. बसल्या, कागद काढले, पण वाचेनात.

"डॉन एलादियो, आधी एक सांगते. तुम्ही फेरचाचणी मागितलीत तेव्हापासून मला झोप नाही. माझी आई गेल्या वर्षी गेली. वृद्धाश्रमात होती. मी दर आठवड्याला फोन करायचे आणि ती म्हणायची, मी मजेत आहे, तू काम कर. मी काम केलं." त्यांनी नाक पुसलं. "मी माणसांचं समाधान मोजते हो. आणि आता वाटतं, तुमच्या बाबतीत माझं चुकलं असेल, तर तिच्या बाबतीतही चुकलंच. म्हणून मला खरं सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही."

स्वयंपाकघरात सिनियाचं भांडं वाजायचं थांबलं.

डॉन एलादियोंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे बोला. ते पिंपावर जरा पुढे सरकले. त्यांनी तोंड उघडलं. मी शपथेवर सांगतो, पहिलं अक्षर ओठावर आलं होतं.

मग त्यांनी बाईंचे डोळे बघितले.

"तुमची आई खरंच मजेत असणार," ते म्हणाले. "म्हातारी माणसं उगाच कशाला खोटं बोलतील? आता माझंच बघा ना. एकटा आहे, पण काय कमी आहे? तुम्ही लिहिलं ते अगदी बरोबर लिहिलंत. हा अर्जबिर्ज या समन्वयकांनी केला. यांना काळजी करायची सवय आहे."

"खरं सांगता?"

"देवाशपथ. विचारा तुमचे प्रश्न."

त्यांनी विचारले. 'मला सकाळी उठावंसं वाटतं' या वाक्यापाशी ते क्षणभर अडखळले. मग पूर्ण सहमत झाले. सत्त्याण्णव आले. बाई जाताना त्यांना मिठी मारून हसल्या, कितीतरी दिवसांनी हसल्यासारख्या. डॉन एलादियोंनी कड्यांची पिशवीही बांधून दिली.

जीप वळवत होतो तेव्हा मागून सिनियाचा आवाज आला.

"लाज नाही वाटत?"

"रडल्या असत्या हो त्या."

"आणि मी रडत नाही म्हणून माझं काहीच नाही का?"

त्याला डॉन एलादियोंनी काय उत्तर दिलं, ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

सिनिया पुढे एर्मोहेनेस काल्व्हो नावाच्या म्हाताऱ्याकडे गेली. हे गृहस्थ मूळचे राजधानीचे, निवृत्त कर अधिकारी. त्यांनी प्रत्येक वाक्याला पूर्ण असहमती नोंदवली होती. घरात दोन सुना, अंगणात नातवंडं, आणि समाधान अकरा. सिनिया पहिल्याच दिवशी त्यांच्यावर ओरडली. त्यांनी लेखी तक्रार केली. मग ती ओरडायची बंद झाली.

मी पोसो सेकोला जात राहिलो. जायचो, कॉफी प्यायचो आणि यायचो. कसं काय म्हटलं की छान, देवाची कृपा. घराला आवाज उरला नव्हता. चुलीत राख तशीच. घेवडा मी डब्यातून न्यायचो. तो पुढच्या खेपेला आंबलेला असायचा. एकदा फाटकाशी पोचलो तेव्हा ते ओसरीवर ताट घेऊन कुत्र्यापुढे वाकले होते.

"खा तुम्ही," ते त्याला सांगत होते. "मला नको. खरंच नको मला. काहीच नको."

मला बघितल्यावर ताठ झाले आणि म्हणाले, "या या! आत्ताच जेवलो. पोट फुटेस्तोवर."

मुलग्यांना फोन केले. थोरला म्हणाला, "परवाच बोललो त्यांच्याशी. मजेत आहेत." दवाखान्यातल्या नर्सबाई येऊन रक्तदाब बघून गेल्या. तो चांगला होता. मी डॉ. मारिएलोसना सविस्तर लिहिलं. त्यांचं प्रेमळ उत्तर आलं: वर्षातून दोनच चाचण्या घेता येतात, दोन्ही झाल्या.

मार्चमध्ये डॉन एलादियो वारले. पिंपावर बसलेले सापडले, फाटकाकडे तोंड करून. डॉक्टर म्हणाले, वय.

दफनाला डॉ. मारिएलोस राजधानीहून बसने आल्या. उन्हात उभ्या राहून रडल्या आणि मग मुलग्यांना म्हणाल्या, "एक समाधान आहे. सुखी गेले. माझ्याकडे त्याचा पुरावा आहे."

"हो, नक्कीच," थोरला म्हणाला.

"अगदी," धाकटा म्हणाला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मीही हो म्हणालो. पाहुण्या होत्या. सिनिया थोडी लांब उभी होती. ती निघून गेली.

डिसेंबरात अहवाल निघाला. तालुक्याची सरासरी साठच्या वर आल्यामुळे इथे सोबतिणींची गरज नाही असं ठरलं आणि ती पदं बंद झाली. सिनिया आता किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात चादरी बदलते. दुपारचं जेवण तिथेच मिळतं.