कुंपणातला भारद्वाज

मंगलाबाईंनी पायातली चप्पल काढली आणि भारद्वाजाला फेकून मारली.

नेम चुकला. चप्पल अळवाच्या पानांत जाऊन पडली. भारद्वाज जास्वंदीवरून जड अंगाने खाली उतरला, तांबडे पंख आवरले आणि कुणी पाहुणा निरोप घेऊन निघावा तसा ऐटीत चालत घाणेरीच्या कुंपणात शिरला. जास्वंदीच्या दोन फांद्यांमध्ये बुलबुलांचं वाटीएवढं घरटं कलंडलं होतं. काल त्यात तीन अंडी होती; गुलाबीसर, कुंकू शिंपडल्यासारखी. आता घरटं रिकामं होतं. बुलबुलाची जोडी विजेच्या तारेवर बसून नुसती ओरडत होती.

"मेल्या, रोज तुझ्या पाया पडत होते मी!"

मागच्या दारात सायली उभी होती, हातात चहाचा कप. पायरीवर कप ठेवून ती आत गेली. चहा तिथेच निवला.

तिचं ते आत जाणं मंगलाबाईंना त्या रिकाम्या घरट्याहून जास्त लागलं. ज्येष्ठात, पाचव्या महिन्यात, सायलीचं पोट रिकामं झालं होतं. तेव्हापासून सून मागच्या अंगणात फिरकेना. पुढच्या तपासणीला कधी जायचं, हे तिच्या नवऱ्याने, अभिजीतने, दोनदा विचारलं, दोनदा तिने विषय बदलला. मग जास्वंदीवर बुलबुलांनी काड्या आणायला सुरुवात केली आणि एका सकाळी सायली आपणहून चहा घेऊन पायरीवर येऊन बसली. "आई, आज एक अंडं आहे बघा," म्हणाली. दुसऱ्या दिवशी दोन. कपडे वाळत घालताना दोरीचं जास्वंदीकडचं टोक ती मोकळं ठेवायची.

भारद्वाजाला मात्र मंगलाबाईंनीच थारा दिला होता. सिल्वाशाच्या या सरकारी क्वार्टरमध्ये त्या मुलाबरोबर राहायला आल्या, तेव्हा मागचं कुंपण माजलेलं होतं. शेजारच्यांनी आपापलं छाटून घेतलं. यांनी हात लावू दिला नाही. भारद्वाज सकाळी दिसला की दिवस चांगला जातो, हे त्या कोकणातून सोबत घेऊन आल्या होत्या. चैत्रात सायलीची बातमी कळली त्या सकाळी तो कुंपणावर ऊन खात बसला होता. मंगलाबाईंनी हात जोडले आणि जुन्या मऊ साडीचं दुपटं शिवायला घेतलं. पिवळ्या दोऱ्याचा एकेक टाका घालताना गुणगुणल्या होत्या:

*तांबड्या शेल्याच्या राजा, कुंपणात तुझं घर*
*आमच्या पाळण्यावर असू दे तुझी नजर*

ज्येष्ठात दुपटं अर्धंच राहून पेटीत गेलं. पण रोजचं हात जोडणं त्यांनी सोडलं नव्हतं. आजपर्यंत.

दुपारी क्वार्टर्सचा माळी काळू शेजारच्या क्वार्टरचं कुंपण छाटत होता. दोन ऑगस्टच्या मुक्तिदिनाच्या आत सगळी ओळ साफ दिसायला हवी, असं त्याला वरून सांगितलं होतं.

"काळू, आमचं कधी घेतोस?"

"तुमचं? बाई, मागल्या सालात तुम्हीच मला कोयत्यासकट पिटाळलं. 'आत देव राहतो' बोललात."

"आता नाही राहत. उद्या ये. मुळापासून काढ."

"देवाला नोटीस दिली काय?"

काळू स्वतःच हसला. मंगलाबाई हसल्या नाहीत.

संध्याकाळी सायलीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मंगलाबाईंनी पेटीतून दुपटं काढलं आणि मागच्या पायरीवर बसून सुईच्या टोकाने टाके उसवायला लागल्या. दोरा सळसळत निघत होता. कडेच्या ओळी तेवढ्या राहिल्या, तोवर अंधारलं. निघालेले दोरे पायरीखाली तसेच सोडून त्या आत आल्या.

सकाळी काळूच्या कोयत्याचा पहिला घाव बसला आणि आतून सायली अनवाणी धावत आली.

"थांबा! काळूभाऊ, थांबा!"

काळूने कोयता वरच्या वर धरला. मंगलाबाई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

"अगं, पाय चिखलात. काय झालं?"

सायलीने कुंपणाकडे बोट केलं. "खिडकीतून बघतेय केव्हाची. बुलबुल परत घरटं बांधतेय. जास्वंदीवर नाही, आत, काट्यांत."

"त्या मेल्याच्या शेजारी?"

"तो तिथे राहतो, हे तिला आपल्याहून आधी ठाऊक असणार, आई."

"आणि तरी?"

"तरी."

तेवढ्यात बुलबुल पायरीशी उतरली. शेंडी ताठ, शेपटीखाली लाल ठिपका. तिने काहीतरी चोचीत धरलं, हिसका दिला आणि लांबलचक पिवळा दोरा मागे लहरवत घाणेरीत शिरली.

सायली पाहत राहिली. मग वाकून तिने पायरीखालचा दुसरा दोरा उचलला, बोटाभोवती गुंडाळला. सासूकडे पाहिलं.

"उसवलंत?"

मंगलाबाई हाताचं पीठ पुसत राहिल्या. "म्हटलं, आम्ही अजून वाट बघतोय, असं तुला वाटायला नको."

"सगळं?"

"कडेचं राहिलंय."

काळूने कोयता खांद्यावर टाकला. "बाई, छाटू की जाऊ? मला अख्खी ओळ पडलीय."

"रस्त्याच्या बाजूने हलकं छाट," मंगलाबाई म्हणाल्या. "आतलं असू दे."

"म्हणजे देवाची नोटीस मागे?"

"देव कसला, चोर आहे तो! पण राहू दे. जाईल कुठे?"

आतून, अगदी खोलातून, घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा आवाज आला. हूप, हूप, हूप. मंगलाबाईंचे हात सवयीने वर आले, छातीशी पोचले आणि थबकले. मग त्याच हातांनी त्यांनी पायरीखालचे दोरे गोळा केले. जास्वंदीच्या खालच्या फांदीवर, चोचीला सहज मिळतील असे, एकेक सुटा करून पसरू लागल्या.

सायली पायरीवर बसली. चिखलाचे पाय तिने उन्हात लांब केले.

"आई," ती म्हणाली, "सगळे नका देऊ. थोडे ठेवा."