मास्तरांच्या लेकीची बोली

माझी थोरली बहीण कोन्सोर्सिया सत्तेचाळिसाव्या वर्षी मनिलाहून गावी परत आली, ती पुस्तकांची चार खोकी घेऊन. ताताय, म्हणजे आमचे वडील, पक्षाघातानं तीन महिने अंथरुणाला खिळले होते. त्यांचं सगळं मीच करत होते, वर माझी बेकरी. खोकी ठेवायला जागा होती ती फक्त पिठाच्या पोत्यांशेजारी.

"मनांग, ही पुस्तकं तातायना भरवणार आहेस का?" मी म्हणाले. मनांग म्हणजे ताई. तिला नावानं हाक मारायची माझी कधी छाती झाली नाही.

"पेज भरवेन. तू जाऊन झोप, नोर्मिंदा. तोंड बघ कसं उतरलंय."

मी खरंच झोपले. दुपारपर्यंत.

मनिलात ती कॉलेजात इंग्रजी शिकवायची. कवितांची दोन पुस्तकं, कथांचं एक, सगळी इंग्रजीत. बक्षिसं मिळाली, वर्तमानपत्रांत फोटो आले. गावात सगळ्यांना तिचा अभिमान होता आणि वाचलं कुणीच नव्हतं.

ताताय स्वतः चाळीस वर्षं इंग्रजीचे मास्तर. पण आजारात त्यांचं इंग्रजी पार पुसलं गेलं. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी. उरली ती आमची घरची बोली, किनाराया. शहरातले लोक तिला कोळणींची भाषा म्हणून हसतात.

एका संध्याकाळी मनांगनं त्यांना आपली बक्षीस मिळालेली कथा वाचून दाखवली. ताताय भिंतीकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "ही बाई काय म्हणतेय?"

मनांगनं पुस्तक मिटलं. ती उठून जाईल असं मला वाटलं. पण तिनं खुर्ची पुढे ओढली आणि तीच कथा आमच्या बोलीत सांगायला लागली, अडखळत, शब्द शोधत. कोळ्याची बायको किनाऱ्यावर नवऱ्याची वाट बघतेय, आणि पाऊस येतो. पावसाला ती 'उलान' म्हणाली.

तातायनी बोट वर केलं. "उरान. उलान शहरात पडतो."

मला हसू आवरेना. तीही हसली, आणि पुढे सांगू लागली.

त्यानंतर रोज संध्याकाळी हेच. तिनं वही केली. ताताय शब्द सांगायचे आणि टोमणेही मारायचे. "पुस्तकं लिहिते म्हणे. ओहोटीनंतर उरलेल्या पाण्याला काय म्हणतात, ठाऊक नाही."

"तुम्हीच शिकवलं नाहीत," ती एकदा म्हणाली. आवाज शांत होता. "दुसरीत होते. वर्गात मी आपल्या बोलीत पाणी मागितलं, म्हणून तुम्ही माझ्या गळ्यात पाटी अडकवून झेंड्याच्या काठीखाली उभं केलंत. आठवतं?"

"कोणी? मी?"

"तुम्ही."

खरंच विसरले होते की काय, आम्हाला कळलं नाही. ते म्हणाले, "पण पाणी मिळालं का तुला?"

"नाही."

"नोर्मिंदा," त्यांनी मला हाक मारली, "हिला पाणी दे."

मी पेला भरून आणला. मनांगनं तो त्यांच्यासमोर बसून सगळा संपवला.

ताताय पुढच्या मार्चमध्ये गेले. तोवर वहीत त्या शब्दांच्या आमच्या बोलीतल्या एकोणचाळीस कविता झाल्या होत्या. मनिलाच्या तिच्या प्रकाशकानं कळवलं, कविता सुंदर आहेत, पण हे वाचणार कोण? इंग्रजीत करून पाठवा. तिनं पत्राची घडी करून ठेवली आणि इलोइलो शहरात लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून तीनशे प्रती काढून घेतल्या.

पुस्तकं माझ्या दुकानात पावाच्या टोपल्यांशेजारी ठेवली. पहिला आठवडा कोणी हात लावला नाही. मग मासळी विकणारी मिलाग्रिंग सकाळचे पाव घ्यायला आली, एक प्रत उचलून उभ्या उभ्या वाचू लागली.

"हे तर आपल्यासारखंच बोललंय," ती म्हणाली.

"मग कसं बोलणार?"

"पुस्तक आहे ना हे?"

ती प्रत घेऊन गेली. दुपारी मी बाजारात गेले, तर ती माशांच्या फळीमागे बसून मोठ्यानं वाचत होती, आणि शेजारच्या दोघी सुऱ्या बाजूला ठेवून ऐकत होत्या. गिऱ्हाईक ताटकळत होतं.

"अगं, मासे कापतेस का?" गिऱ्हाईक बाईनं विचारलं.

"थांब गं. हे एवढं संपू दे."

मी घरी येऊन मनांगला सांगितलं. ती पीठ मळत होती. कोणती कविता होती, तेवढंच तिनं विचारलं. आता ती कादंबरी लिहितेय, सकाळी भट्टीजवळ बसून, कारण तिथं ऊब असते. मनिलाहून व्याख्यानांना बोलावणं येतं. जाते, आणि चार दिवसांत परत येते.